प्रोबेशनवरचं कुटुंब

हेमावतीबाईंनी मकरंदकडे दोन ओळी मागितल्या होत्या. त्याने छत्तीस पानं दिली. पुढे जे काही झालं ते या दोन आकड्यांमधल्या फरकामुळे झालं, असं त्याची बायको रुचिरा अजूनही म्हणते, आणि मकरंद समोर असला की जरा मोठ्याने म्हणते.

हेमावतीबाई कोरट्टूरला राहतात. घराणं तंजावरकडचं मराठी, बाईंची तीस वर्षं हेडमिस्ट्रेस म्हणून गेलेली. निवृत्त झाल्यावर लोक तीर्थयात्रेला जातात. बाईंनी घरच्या हॉलमध्ये घरशाळेचा कार्यक्रम काढला. मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवणारी बावीस कुटुंबं त्यात होती, मकरंदचं त्यांतलंच एक. आठवडाभर आपापल्या घरी शिकायचं, शुक्रवारी सकाळी साडेनऊला एका पालकासह बाईंच्या हॉलमध्ये जमायचं आणि महिनाअखेर मुलाची वही दाखवायची. एवढाच सगळा मामला. पण साडेनऊ म्हटलं की कुणी दहाला यायचं, कुणी अकराला, आणि एक कुटुंब तर बरोबर दहीभाताच्या वेळेला उगवायचं. तेव्हा बाई एकदा मकरंदला म्हणाल्या, "मकरंदराव, तुम्ही कंपनींत रूल लिहूलालात म्हणून रुचिरा सांगितली. अम्हांस दोन ओळ लिहून द्या. शुक्रवारीं वेळेला या, वही वेळेला द्या. इतकंच. बेस होईल."

आता मकरंद घळसासीला दोन ओळी लिहा म्हणणं म्हणजे हलवायाला एकच पेढा कर म्हणण्यासारखं आहे. अंबत्तूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका मोटारींच्या कारखान्यात तो गुणवत्ता खात्यात आहे. मोटारीचे बारीकसारीक भाग बाहेरच्या छोट्या वर्कशॉपांतून बनून येतात. ते तपासायचे, चुकले तर त्या पुरवठादाराला आधी चिठ्ठी द्यायची, मग प्रोबेशनवर टाकायचं, मग यादीतून काढून टाकायचं, हे त्याचं काम. चाकणहून चार वर्षांपूर्वी तो बदलीवर आला तेव्हापासून सात पुरवठादार त्याने यादीतून उडवले होते. घरी तो साधा, वांगी न खाणारा, मुलीची वेणी घालणारा माणूस होता. पण हातात नियमावली आली की त्याची मान आपोआप ताठ व्हायची.

एका रविवारी दुपारी त्याने कंपनीची पुरवठादार नियमावली उघडली आणि संगणकाला सांगितलं, की जिथे 'पुरवठादार' आहे तिथे 'कुटुंब' घाल आणि जिथे 'सुटा भाग' आहे तिथे 'बालक' घाल. संगणक आज्ञाधारक असतो. त्याने चारशे बारा ठिकाणी बदल केले आणि एकदाही 'का?' म्हणून विचारलं नाही. मूळ मजकूर इंग्रजीत होता म्हणून तो भारदस्तही वाटत होता. कलम नऊ म्हणत होतं की ने-आण करताना बालकावर ओरखडे येणार नाहीत याची काळजी कुटुंबाने घ्यावी. कलम सोळा म्हणत होतं की दर खेपेतली पाच टक्के बालकं नमुन्यादाखल तपासावीत. कलम चौदाप्रमाणे बालकाला ओलावा आणि थेट ऊन यांपासून दूर ठेवायचं होतं. चेन्नईत मे महिना चालू असल्यामुळे या कलमाखाली हेमावतीबाईंनी पेन्सिलीने 'बेस' असं लिहिलं. पहिली वीसेक पानं त्यांनी वाचली, मग चष्मा काढला आणि सही केली.

खरी मेख कलम एकवीसपासून पुढे होती. एका सत्रात तीन पिवळ्या चिठ्ठ्या मिळाल्या की कुटुंब तीस दिवस प्रोबेशनवर. कुटुंबाचं नाव फळ्यावर, नावापुढे तांबडा ठिपका. ठिपक्याचा व्यास दोन इंच, म्हणजे दहा फुटांवरून दिसावा. प्रोबेशनच्या काळात घराची तपासणी, पूर्वसूचना न देता. तपासणीच्या तक्त्यात प्रत्येक मुद्द्यापुढे दोनच चौकोन, 'होय' आणि 'नाही'. एक जरी 'नाही' आलं तरी कुटुंबाची हकालपट्टी, आणि बालकाचं शुक्रवारी येणं बंद. कंपनीच्या तक्त्यात शेऱ्यासाठी एक रकाना असायचा. तो मकरंदने दोन वर्षांपूर्वी स्वतःच काढून टाकला होता. त्याचं म्हणणं, शेऱ्याच्या रकान्यात लोक गोष्टी सांगतात.

पालकसभेत त्याने हे सगळं पडद्यावर दाखवलं. दहा मिनिटांपेक्षा जास्त उशीर म्हणजे पिवळी चिठ्ठी, हे वाचून बाईच चाचरत म्हणाल्या, "अर्धा तास द्या की. ट्राफिक असते."

"नाही मॅडम. एकदा सूट दिली की तीच वेळ होऊन बसते."

मागच्या बाकावर एक दातांचे डॉक्टर बसले होते. त्यांचा मुलगा दहीभाताच्या वेळेचा. त्यांनी हात वर केला. "वाटेत पंक्चर झालं तर?"

"डॉक्टर," मकरंद मंद हसून म्हणाला, "पंक्चर हे नियोजनाचं अपयश आहे."

हे वाक्य त्याला इतकं आवडलं की घरी येऊन त्याने ते रुचिराला पुन्हा ऐकवलं. रुचिरा एका आयटी कंपनीचं काम घरून करते. तिने कानावरचा हेडफोन न काढताच मान डोलावली, त्यामुळे तिने ऐकलं की नाही हे आजही नक्की नाही.

याच सुमारास कारखान्यात गिरीधर नावाच्या पुरवठादाराचं प्रकरण गाजत होतं. गिरीधरचं वर्कशॉप एका पत्र्याच्या शेडमध्ये, कामगार सहा. मोटारीच्या दाराच्या आत बसणारी एक चिमुकली स्प्रिंग क्लिप तो बनवायचा. तिच्या तीन खेपा मापात चुकल्या आणि मकरंदने त्याला प्रोबेशनवर टाकलं. खरेदी खात्याने कळवलं की ही क्लिप आख्ख्या चेन्नईत दुसरं कुणी बनवत नाही. मकरंदने उलट कळवलं की ती खरेदी खात्याची डोकेदुखी आहे. गिरीधरही तंजावरी मराठी निघाला. तो गेटवर गाठून म्हणायचा, "सार, तुम्हीबी मराठी, अम्हीबी मराठी. ओरु चान्स द्या, सार. एकच." आपण मराठीने विरघळू या भीतीने मकरंद त्याला नेहमी इंग्रजीत उत्तर द्यायचा, की प्रोसिजर इज प्रोसिजर.

जूनच्या दुसऱ्या शुक्रवारी, मुलीला, भव्याला, मागे बसवून कोरट्टूरला जाताना, पट्टरवाक्कमच्या पुढे मकरंदच्या स्कूटरचं मागचं चाक बसलं.

त्याने स्कूटर ढकलली, पंक्चरवाल्याला हलवून जागं केलं, शेवटी रिक्षा केली. हॉलच्या दारात पोचला तेव्हा नऊ चौरेचाळीस झाले होते. दारात दातांचे डॉक्टर उभे होते. ते त्या दिवशी प्रथमच वेळेवर आले होते. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, मकरंदच्या ग्रीस लागलेल्या हातांकडे पाहिलं आणि चकार शब्द काढला नाही. माणसाने निदान हसावं. न हसणाऱ्या माणसाचं करायचं काय?

"पापम्," हेमावतीबाई हळहळल्या, "पंक्चरआ?" आणि त्यांनी चिठ्ठ्यांचं पॅड काढलं. पॅड मकरंदनेच छापून दिलं होतं, तीन प्रतींचं, मध्ये कार्बन घालण्याची सोय असलेलं. बाईंच्या स्वभावात कठोरपणा नव्हता, पण तीस वर्षं सरकारी परिपत्रकं पाळलेला हात होता तो. कागदावर लिहिलेलं आहे म्हणजे ते करायचं, एवढं त्या हाताला ठाऊक होतं.

चिठ्ठीसोबत भरायचा खुलासा-तक्ताही मकरंदचाच होता. त्यात पाच वेळा 'का?' विचारलेलं असतं. उशीर का झाला? पंक्चर. पंक्चर का? खिळा. खिळा का? रस्ता. रस्ता का? महानगरपालिका. पाचव्या 'का?'पुढे त्याने बराच विचार करून 'चेन्नई' असं लिहिलं. तक्ता पुढच्या शुक्रवारी परत आला. त्यावर बाईंनी लाल शाईत लिहिलं होतं: 'दोष दुसऱ्यावर ढकलला आहे, कलम अठरा पाहा. परत लिहा.' मकरंदने कलम अठरा पाहिलं. ते निर्विवाद होतं.

दुसरी चिठ्ठी रुचिराच्या नावावर जमा आहे. तिने भव्याला टी. नगरला नेलं, परकराचं कापड घ्यायला. दोघी गर्दीत तीन तास फिरल्या, भव्याने पाच दुकानांत तमिळमधून भाव पाडून घेतले, आणि रुचिराने कौतुकाने वहीत लिहिलं, 'गणित: घासाघीस.' कलम अकराप्रमाणे प्रत्येक शैक्षणिक सहलीची पूर्वपरवानगी सात दिवस आधी घ्यावी लागते.

"ती सहल नव्हती, खरेदी होती," रुचिरा घरी म्हणाली.

"मग वहीत कशाला लिहिलंस?"

"कारण ती तमिळमध्ये भांडली, मकरंद! आपली भव्या! भांडली!"

यावर मकरंदने चिठ्ठी घडी करून खिशात घातली, आणि त्याला कारण होतं. चेन्नईला आल्यावर भव्याला त्यांनी एका चांगल्या शाळेत घातलं होतं. तिथे तिला भाषा येईना, मुलं हसली, आणि पोरगी बोलायचीच थांबली. पहिलीचं आख्खं वर्ष ती वर्गात एक अवाक्षर बोलली नाही. घरीसुद्धा मानेनेच हो-नाही सांगायची. मग कुणीतरी हेमावतीबाईंचं नाव सुचवलं. पहिले दोन महिने ती हॉलच्या कोपऱ्यात बसून राहिली. बाईंनी तिला काही विचारलं नाही, नुसतं रोपांना पाणी घालायचं काम दिलं. तिसऱ्या महिन्यात देविका नावाच्या मुलीशी तिची कट्टी झाली, आणि कट्टी का झाली हे सांगायला भव्याने तोंड उघडलं ते आजतागायत मिटलेलं नाही. आता ती नऊ वर्षांची होती आणि शुक्रवारची वाट गुरुवारपासून पाहायची. तो शुक्रवार गेला असता तर काय झालं असतं, हे दोघांनाही माहीत होतं आणि दोघंही ते मोठ्याने म्हणत नव्हते.

तिसरी चिठ्ठी टाळायची म्हणून महिन्याची वही मकरंदने स्वतः हाती घेतली. अनुक्रमणिका केली, पानांना नंबर घातले, कडेला रंगीत पट्ट्या लावल्या. करता करता त्याच्या लक्षात आलं की आपण दिलेल्या वहीच्या नमुन्यात सुधारणेला वाव आहे. त्याने दोन रकाने वाढवले, एक कमी केला आणि कोपऱ्यात 'आवृत्ती दोन' असं लिहिलं. वही इतकी देखणी झाली की बाईंनी ती सगळ्यांना दाखवली. मग चष्मा लावून कोपऱ्यात पाहिलं.

"आवृत्ती दोन? अम्ही तर आवृत्ती एकलाच सही केलों."

कलम सहा: मंजुरी नसलेल्या नमुन्यात दिलेली वही अग्राह्य धरली जाईल. हे कलम लिहिताना मकरंदच्या डोळ्यांसमोर निष्काळजी पालक होते. जास्त काळजी घेणाऱ्या पालकाची शक्यता त्याच्या मनातही आली नव्हती.

आणि शुक्रवारी फळ्यावर 'घळसासी कुटुंब' हे नाव लागलं, पुढे दोन इंची तांबडा ठिपका. मकरंदने दहा फूट मागे जाऊन पाहिलं. स्पष्ट दिसत होता.

घळसासी राहतात त्या घराचे मालक राणोजीराव खालच्या मजल्यावर असतात. तेही तंजावरचे, सब-रजिस्ट्रार कचेरीतून निवृत्त झालेले. ठिपक्याची बातमी त्यांना भव्याकडून कळली, कारण ती त्यांना ताता म्हणते, म्हणजे आजोबा, आणि त्यांच्यापासून काहीच लपवत नाही. बनियनवरच ते वर आले आणि खुर्ची ओढून बसले.

"तुम्ही काय केलात? तोंडानं बोललात? अय्यो! तोंडानं बोलून काय होणार? कागदास कागदच उत्तर. पिटिशन द्यायला पाहिजे."

"काका, नियम मीच लिहिलेत. त्याच्याविरुद्ध मीच अर्ज कसा करू?"

"तेच बेस अहे! लिहिणाराच म्हणाला हा रूल चूक अहे, तर मग कोण बोलणार?" राणोजीरावांचा चेहरा उजळला होता. निवृत्तीनंतर बारा वर्षांनी त्यांच्या हाताला काम लागलं होतं. "अपिलाला कुठे जायचं म्हणून लिहिलांत?"

मकरंदने कलम अठ्ठावीस काढून दाखवलं. अपील नियमावलीच्या लेखकाकडे करावं. आणि त्याखाली: कुणीही स्वतःच्या प्रकरणात निर्णय देऊ नये.

राणोजीरावांनी ते दोनदा वाचलं आणि त्यांना गहिवरून आलं. "पस्तीस वर्षं सर्व्हिस केलों," ते म्हणाले, "असा बंद दरवाजा सरकारलासुद्धा करतां आला नाही."

मकरंदला विचारण्याच्या भानगडीत न पडता त्यांनी अर्ज तयार केला. चार पानं, 'सविनय सादर' पासून सुरू होणारा, तीन प्रतींत, आणि पोचपावतीसह रजिस्टर पोस्टाने कोरट्टूरला धाडून दिला. खाली सही केली 'घळसासी कुटुंबाकरितां'. परिणाम व्हायचा तोच झाला. कलम पंचवीस सांगतं की ठरलेल्या तक्त्याबाहेरचा पत्रव्यवहार हा निर्णयावर आणलेला दबाव समजावा आणि अशा कुटुंबाची तपासणी आठ दिवसांच्या आत उरकावी.

ते आठ दिवस घळसासींच्या घरात जे चाललं होतं ते सांगायला रुचिराची परवानगी नाही, पण थोडं सांगतो. मकरंदने भव्याच्या टेबलावर प्रत्येक वस्तूची बाह्यरेषा काढली आणि तिच्याखाली नाव चिकटवलं: पेन्सिल, खोडरबर, पट्टी, पाणी. तपासणी-तक्त्यात पहिलाच मुद्दा होता की नऊ ते बारा बालक ठरलेल्या जागेवर आहे का. म्हणून भव्याने नऊ ते बारा तिथून हलायचं नाही. टेबलावर अभ्यासाशिवाय दुसरं काही नको, म्हणून तिची गोष्टींची पुस्तकं कपाटात गेली. उरलं काय, तर छत्तीस पानी नियमावली, जी कलम तीनप्रमाणे कायम हाताशी असायला हवी. अंगठ्याने कोपरे दुमडत पोरगी दिवसभर तीच वाचत बसायची.

"बाबा, बालकाला गंज लागतो?" तिने एकदा विचारलं.

"तुझं काम कर."

"हेच आहे ना टेबलावर."

बुधवारी दहा वाजता हेमावतीबाई आल्या. मकरंदने घरून कामाची परवानगी काढली होती आणि तो आतल्या खोलीत लॅपटॉपवर गिरीधरशी बोलत होता. ती गिरीधरची शेवटची सुनावणी होती. दार उघडं होतं. बाई जिना चढून वर आल्या तेव्हा त्यांना टेबल दिसलं, टेबलावर पेन्सिलीच्या जागी पेन्सिल आणि पाण्याच्या जागी पाणी दिसलं, फक्त खुर्चीच्या जागेवर खुर्ची रिकामी होती. आणि आतून आवाज ऐकू येत होता.

"सार, अम्हांस सहा जणांचं घर अहे, सार. चूक कुठे होऊलाले ते समजेना. एकदां येऊन बघा की. ओरु चान्स."

"मिस्टर गिरीधर, प्रोसिजर इज..." एवढं बोलून मकरंदने मान वळवली आणि दारात बाईंना पाहिलं.

"भव्या कुठे अहे?" बाईंनी विचारलं.

उत्तर खालून आलं. गल्लीत पाण्याची टँकर-लॉरी उभी होती, आणि लॉरीच्या दारापाशी हातात खुणांची काठी घेऊन भव्या उभी होती. बारा हजार लिटरची लॉरी यायची, राणोजीरावांची जमिनीखालची टाकी भरायची, आणि दर वेळी पाणी कमी पडतंय असा त्यांना संशय होता. भव्याने त्यांच्यासोबत टाकीची लांबी-रुंदी मोजली होती, बारा हजार लिटरला पाणी किती चढायला हवं याचा हिशेब केला होता आणि काठीवर तांबडी खूण केली होती. आता पाणी खुणेच्या खाली होतं. "अण्णा, नालु विरल कम्मी!" ती लॉरीवाल्याला चार बोटं नाचवून सांगत होती, चार बोटं कमी आहे, चार बोटं! लॉरीवाला हसला, मग चिडला, मग काठी पाहून विचारात पडला. तिच्या मागे राणोजीराव कमरेवर हात ठेवून फक्त उभे होते. तोंड उघडायची त्यांना गरजच पडली नाही. शेवटी लॉरीवाल्याने नळी पुन्हा टाकीत सोडली.

गॅलरीत उभ्या राहून हेमावतीबाईंनी हे सगळं पाहिलं. त्यांचे डोळे ओले झाले होते. रोपांना पाणी घालणारी मुकी पोर त्यांना आठवत असावी. मग त्यांनी तपासणी-तक्ता काढला आणि पेन हातात धरून उभ्या राहिल्या.

"मकरंदराव, हे कुठे लिहूं?"

"काय, मॅडम?"

"हे. खालीं दिसूलाले ते. रकाना कुठे अहे?"

मकरंदने तक्त्याकडे पाहिलं. होय, नाही. होय, नाही. वरपासून खालपर्यंत. "रकाना नाही, मॅडम," तो म्हणाला. "मी काढला."

बालक ठरलेल्या जागेवर आहे का? त्यांनी आयुष्यात खोटं लिहिलं नव्हतं. त्यांनी 'नाही'वर खूण केली आणि त्या जिना उतरल्या. लॅपटॉपमधून गिरीधर अजून "सार? सार?" करत होता.

शुक्रवारी हॉल भरलेला होता. कलम सव्वीसप्रमाणे हकालपट्टी सर्वांसमोर वाचून दाखवायची असते. भव्याला काय ते कळलं होतं. ती देविकाशेजारी बसली होती, आणि सकाळपासून गप्प होती. रुचिराने तिला डब्याचं विचारलं तर तिने नुसती मान हलवली होती. ती मान हललेली मकरंदने पाहिली होती.

"अपील कोण ऐकणार?" बाईंनी विचारलं. कुणीच नव्हतं. ते तर राणोजीरावांनी आधीच सिद्ध केलं होतं. ते मुद्दाम इस्त्रीचा सदरा घालून आले होते आणि पहिल्या रांगेत बसले होते.

मागून दातांचे डॉक्टर उठले. "मॅडम, जाऊ द्या ना. घरात माणसं असतात, यंत्रं नाहीत. त्यांना राहू द्या."

मकरंदच्या अभिमानाला या दयेने जो घाव बसला तो पंक्चरच्या दिवशीच्या शांततेपेक्षा खोल होता. तो उभा राहिला. नियम तो नियम, आम्हाला निर्णय मान्य आहे, असं ताठ मानेने म्हणायचं त्याने घरून येताना पाठ केलं होतं. त्याने तोंड उघडलं आणि त्याची नजर भव्यावर गेली. ती त्याच्याकडे पाहत नव्हती. हॉलच्या कोपऱ्यातल्या रोपांकडे पाहत होती.

"मॅडम," तो म्हणाला, "ओरु चान्स. एकच."

बाईंनी मान खाली घातली. "माझ्या हातीं काय अहे, मकरंदराव? लिहिलेलं अहे."

तेव्हा भव्याने हात वर केला.

"टीचर, कलम सत्तावीस."

"सत्तावीस?" बाई म्हणाल्या. वीस पानांनंतर आपण चष्मा काढला होता आणि पुढची कलमं लागतील तेवढीच उघडली होती, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

भव्याने पिशवीतून नियमावली काढली. कोपरे दुमडून दुमडून तिची फुगलेली वही झाली होती. ती उभी राहिली आणि खणखणीत आवाजात, आधी इंग्रजीत आणि मग सगळ्यांना कळावं म्हणून तमिळमध्ये, वाचू लागली. त्याचा अर्थ असा: "जे बालक दुसऱ्या कोणत्याही कुटुंबाकडून मिळू शकत नाही, त्या बालकाच्या कुटुंबास यादीतून काढता येणार नाही. अशा वेळी तक्ता बाजूला ठेवून, त्या कुटुंबाजवळ जाऊन, शेजारी बसून अडचण सोडवावी."

वाचून झाल्यावर तिने वर पाहिलं. "मी दुसरीकडून मिळते का?"

हेमावतीबाईंनी चष्मा लावला, कागद हातात घेतला, एकदा वाचला, दुसऱ्यांदा वाचला. मग मकरंदकडे पाहिलं. "हे तुम्हीच लिहिलांत?"

मकरंदला ते कलम ओळखू आलं. एकच पुरवठादार असलेल्या सुट्या भागांसाठीचं जुनं कलम. कारखान्यात ते कुणी कधी वापरलेलं नव्हतं, त्याने स्वतः तर नाहीच. रविवारी दुपारी संगणकाने ते बाकीच्यांबरोबर बदलून टाकलं होतं, आणि तपासायचं राहून गेलं होतं. ही सरळसरळ चूक होती. गुणवत्ता खात्यातल्या माणसाने ती तिथल्या तिथे उभं राहून कबूल करायला हवी होती.

"हो, मॅडम," तो म्हणाला. "मीच लिहिलं."

नोकरीच्या चौदा वर्षांत डोळ्यांसमोर असलेली चूक त्याने दाखवून दिली नाही असं पहिल्यांदाच घडलं. दातांच्या डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या. राणोजीरावांनी मागे वळून सगळ्यांना सांगितलं की पिटिशनचा उपयोग शेवटी होतोच. हेमावतीबाईंनी पदराने डोळे टिपले, तपासणी-तक्ता टेबलावर पसरला, पट्टी घेतली आणि 'होय-नाही'च्या उजवीकडे एक उभी रेघ मारली. वर लिहिलं, 'शेरा'. आणि त्या नव्या रकान्यात त्या वाकून इतकं लांबलचक काहीतरी लिहीत बसल्या की शुक्रवारचे वर्ग वीस मिनिटं उशिरा सुरू झाले. याबद्दल कुणालाही चिठ्ठी मिळाली नाही. भव्या आणि देविका तोवर एकमेकींशी इतक्या मोठ्याने बोलत होत्या की त्यांना दोनदा गप्प करावं लागलं.

सोमवारी सकाळी मकरंद कारखान्यात न जाता परस्पर त्या पत्र्याच्या शेडकडे गेला. गिरीधरचं नाव यादीतून काढण्याचा कागद त्याच्या बॅगेत होता, त्याच्या सहीची वाट पाहत. सहा माणसं हातातलं काम थांबवून त्याच्याकडे पाहू लागली. गिरीधर यंत्राआडून हात पुसत पुढे आला. हा माणूस कागद द्यायला स्वतः आला म्हणजे आता सगळं संपलं, असं त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. तरीही त्याने पाहुण्यासाठी एक स्टूल फडक्याने पुसलं.

"बसा, सार," तो म्हणाला.

"बसायलाच आलोय," मकरंद मराठीत म्हणाला आणि स्टूल ओढून यंत्राजवळ बसला.